पोचा पडलेला बाजा

"भात्यावर नको. तोंडाने वाजवून बघतो," असं म्हणत पंपवाल्या काकांनी माझ्या हातातला नवा बाजा जवळजवळ हिसकावूनच घेतला.

आमच्या दुकानात हे चालत नाही. माउथ ऑर्गन विकायचा तो उष्टा न करता, असा मालकांचा नियम, आणि गिऱ्हाइकाला तर तो पारखून हवा असतो. म्हणून माझ्या टेबलावर भाता आहे. एक लाकडी खोकं, त्यावर रबर लावलेली दहा भोकं. बाजा त्या भोकांवर बसवायचा, डाव्या हाताच्या बोटांनी हवं ते भोक उघडायचं. उजव्या हाताने दांडा खाली दाबला की बाजात हवा जाते, वर उचलला की बाजातून हवा ओढली जाते. माणसाच्या छातीचं काम माझा उजवा हात करतो. सत्तावीस वर्षं करतोय तो. त्यामुळे माझा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झालाय आणि शिंप्याला दोन बाह्यांची दोन मापं द्यावी लागतात.

पण पंपवाल्या काकांना नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. शिवाय मालक जेवायला घरी गेले होते.

काकांनी बाजा ओठांना लावला. पहिल्या भोकातून नुसती हवा फुसफुसली. दुसऱ्यात काहीतरी घुरघुरलं. तिसऱ्याला खोकला आला, तो थांबेचना. मी स्टूल पुढे सरकवलं, पाणी दिलं. वर्षापूर्वी हा माणूस दुकानाच्या सात पायऱ्या चढून यायचा आणि वर आल्यावर माझी चेष्टा करण्याइतका श्वास त्याच्याकडे शिल्लक असायचा. मग छातीचं दुखणं आलं, दोन महिने हॉस्पिटलात गेले, आणि डॉक्टरांनी घरी पाठवलं तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ कामातून गेलेलं होतं.

"हा लेकाचा दम खातो," काका म्हणाले.

"खाणारच. सगळ्यांत खालच्या पट्टीचा एफ आहे तो. आतली पाती लांब आणि जड. ती हलवायला वारा लागतो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते हेच."

"आणि घरातला जी?"

"तो जरासा हलका. पण तोही झेपायचा नाही तुम्हाला."

"नाहीच झेपत. करून बघितलं. दुसऱ्या ओळीला डोळ्यांपुढे काजवे." त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "मग झेपेल तो कुठला?"

"वरच्या पट्ट्यांचे. त्यांची पाती इवलीशी असतात. नुसती फुंकर पुरते."

"म्हणजे माझी छाती म्हणते वरचा घे, आणि घरी हिचा गळा म्हणतो खालचा घे." काका माझ्याकडे बघत राहिले. "मी कुणाचं ऐकू ते तरी सांग, पोरी."

मी एक्कावन्न वर्षांची आहे. मला पोरी म्हणणारं आता या जगात फारसं कुणी उरलेलं नाही.

काका पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर होते. छत्तीस वर्षं त्यांनी शहराला पाणी चढवलं. काकू घरी बसून शिवणकाम करायच्या. लग्न झालं तेव्हा काकांकडे एकच बाजा होता, एफ पट्टीचा, चांगला वरच्या आवाजाचा; आणि काकूंकडे एकच गाणं होतं, त्यांच्या आईचं, चार कडव्यांचं. संध्याकाळी काका पंपावरून यायचे, हातपाय धुवायचे, मग दोघं खिडकीशी बसायची. ते वाजवायचे, त्या गायच्या. कुठे कार्यक्रम नाही, ऐकायला कुणी नाही. त्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात एक जागा आहे. आवाज सरळ वर चढतो आणि तिथे थोडा वेळ उभा राहतो. काकू गायच्या त्या या जागेसाठीच. ती लागली की त्यांचा दिवस सार्थकी लागायचा.

धाकटी मुलगी झाली, त्या बाळंतपणानंतर ती जागा लागेना. चार दिवस प्रयत्न केला, चारही दिवस आवाज फाटला. पाचव्या दिवशी काकू म्हणाल्या, "माझा गळा गेला," आणि गाणं बंद. चार महिने त्या घरात शिलाई मशीनचा काय तो आवाज. काका तेव्हा पहिल्यांदा आमच्या दुकानात आले.

या टेबलावर त्या वेळी मास्तर बसायचे. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि डी पट्टीचा बाजा काढून समोर ठेवला. दीड सुराने खालचा. याच्यावर तीच जागा तेवढीच खाली येईल, वहिनींना सहज लागेल, असं त्यांचं म्हणणं.

काकांनी मान हलवली. "नवा बाजा बघितला की तिला कळणार. आपल्यासाठी खाली उतरलेत म्हणेल, आणि मुळीच गाणार नाही. मी ओळखतो तिला."

तेव्हा मास्तरांनी ती युक्ती काढली. एका कारखान्याचे, एका घाटाचे बाजे बाहेरून सारखे असतात. फरक सगळा आतल्या पात्यांत. मास्तरांनी काकांच्या जुन्या एफची दोन्ही झाकणं उतरवली आणि नव्या डीवर चढवली. वरच्या झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात एक पोचा होता, पंपावरचा पाना एकदा त्यावर पडला होता. उजव्या कोपऱ्यात एफ हे अक्षर कोरलेलं. बाहेरून तोच बाजा, आतून दुसरा. त्या संध्याकाळी जागा लागली. काकूंनी आनंदाने शेजारच्या तीन घरांना बोलावून चहा पाजला.

पुढे वयाबरोबर आवाज उतरत गेला तसतसे बाजे बदलत गेले. डी झाला, सी झाला. मास्तर गेले तेव्हा त्यांच्या तीन गोष्टी माझ्याकडे आल्या: बारीक कानस, भाता, आणि हे गुपित.

मी या दुकानात आले होते धूळ पुसायला, दोन महिन्यांच्या बोलीवर. एखादं पातं जरा उतरलेलं असलं की माझं तोंड आंबट होतं, हे मास्तरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी फडकं काढून घेऊन हातात कानस दिली. टोकाशी घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, आणि जास्त घासलं की पात्याची आणि आपली, दोघांचीही इज्जत उतरते, असं ते शिकवायचे. मला स्वतःला एक ओळ वाजवता येत नाही. बाजा तोंडाला लावला की मला लाज वाटते. पण कुठला बाजा कसा बोलेल, कुठला गुदमरेल, कुठला उगाच आरडाओरडा करील, हे मला त्याच्या पहिल्या दोन सुरांत कळतं.

मास्तर गेल्यावर माझ्याकडे कोणी काम देईना. बाईमाणूस, त्यातून आजवर धूळ पुसणारी. पहिलं काम दिलं ते पंपवाल्या काकांनी. सीवरची झाकणं बी फ्लॅटवर चढवायची होती. मी इतकी घाबरले होते की झाकणं उलटी बसवली, वरचं खाली आणि खालचं वर. आठ दिवसांनी काका आले, कुणी ऐकत नाहीये ना ते बघितलं आणि हळूच म्हणाले, "ताई, पोचा खाली गेलाय."

मी कानस खाली ठेवली. "काकूंना कळलं?"

"छे. हातात झाकून धरला मी. नीट कर, घाई नाही." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "एवढं काय त्यात! मी एकदा पंपाचं झाकण उलटं बसवलं होतं. अर्ध्या शहराने दोन दिवस आंघोळ केली नव्हती. तुझ्या चुकीने कुणी पारोसं तरी राहिलं नाही ना?"

त्या दिवशी ते मालकांकडे गेले असते तर मी पुन्हा फडकं घेऊन उभी राहिले असते. ते माझ्याकडेच आले. त्यानंतर ए केला, जी केला. माझा सगळा संसार, म्हणजे मी, माझी खोली आणि माझं हे टेबल, त्यांच्या 'नीट कर, घाई नाही' या एका वाक्यावर उभा आहे असं मला वाटतं, आणि तसं वाटल्यावाचून एक महिना जात नाही.

आणि आता हा माणूस माझ्यासमोर बसून मला विचारत होता, कुणाचं ऐकू.

"गेले पाच महिने आमच्या घरात सूर नाही," काका म्हणाले. "मी वाजवत नाही म्हणून ती गात नाही. परवा भांडी घासताना गुणगुणत होती, ते चोरून ऐकलं. जीच्याही खाली गेलाय गळा. एका सुराने. म्हणून हा एफ मागवला. पुन्हा म्हणेल माझा गळा गेला, आणि या वयात एकदा गप्प बसली की बसली." ते थांबले, श्वास घेतला. "मला वाजवता नाही आलं तरी चालेल. पण ती माझ्यामुळे गप्प नको व्हायला."

"दोन दिवस हा माझ्याकडे राहू द्या," मी म्हटलं. "बघते काय होतंय ते."

दोन दिवस मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. खालचा एफ उघडला. प्रत्येक पातं आणि त्याखालचा पत्रा यांच्यात केसाएवढी फट असते. ती मोठी असली की वारा फुकट जातो, फारच लहान केली की पातं गुदमरून गप्प बसतं. एकेक फट कमी करत गेले. मधली लाकडी फणी काचेवर घासून सपाट केली, कडांना मेण भरलं. मग भाता अगदी हलका दाबायचा, काकांच्या छातीत आहे तेवढाच, आणि ऐकायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दहापैकी आठ भोकं बोलायला लागली. पहिली दोन ढिम्म. आणि काकूंचं गाणं सुरू होतं दुसऱ्या भोकावर.

मी कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात समोरून कोणीतरी विचारलं, "भातेवाली तूच ना?"

बुटकीशी बाई, पांढरे केस, गळ्यात शिवणाची टेप तशीच लटकलेली, काढायची राहून गेलेली. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं.

काकूंनी पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला आणि माझ्या टेबलावर उघडला. आत पंपाच्या रबरात गुंडाळलेले पाच बाजे. एफ, डी, सी, बी फ्लॅट, ए. सगळे बिनझाकणांचे, पाती उघडी.

"हॉस्पिटलचे कागद शोधताना सापडले, माळ्यावर," काकू म्हणाल्या. "पाच बाजे, आणि एकाच्याही अंगावर कपडा नाही."

"काकांना छंद आहे ना जुने बाजे गोळा करायचा…"

"उगी. खोटं बोलताना कान लाल होतात तुझे. आणि मला काय आज कळलंय?"

मी कान चाचपले. खरंच गरम झाले होते.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी. रोजच्या जिन्याची पायरी एक दिवस खाली गेली तर पायाला कळत नाही होय? तसंच गळ्याला."

"मग बोलला का नाहीत?"

काकू स्टुलावर बसल्या. काका बसले होते त्याच स्टुलावर. "काय बोलायचं होतं? दिवसभर त्या पंपाच्या आवाजात कान किटवून माणूस घरी येतो, आणि बायकोला कमीपणा वाटू नये म्हणून चोरासारखा बाजा बदलतो. त्याला काय पकडलं म्हणायचं? त्या दिवशी मी तीन घरांना चहा पाजला तो काय जागा लागली म्हणून?" त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्या हसल्याही. "आणि मधे एकदा तर पोचाच खाली गेला होता. मी म्हटलं, पोचा काय चालत गेला? आठ दिवस हसू दाबताना पुरेवाट झाली माझी."

"तो मी घालवला होता," मी म्हटलं.

"वाटलंच. मास्तरांच्या हातून असं व्हायचं नाही."

हे मला जरा लागलं, पण ते खरं होतं.

"आता माझं ऐक," काकू म्हणाल्या. "त्यांना पेलेल असा बाजा दे. माझं मी बघून घेते."

"पेलेल तो वरचा, काकू. तो तुमच्या गळ्याला…"

"यातला सगळ्यांत वरचा कुठला?"

मी डब्यातून पहिला उचलला. त्यांच्या लग्नातला एफ. फणी काळी पडलेली, एका पात्याचं टोक तुटलेलं. भात्यावर ठेवला आणि दांडा नुसता टेकवला. टेकवल्याबरोबर तो बोलला, स्वच्छ, बारीक, उंच.

काकूंनी डोळे मिटले. ओठ जरासे हलवून त्यांनी तो सूर शोधला, आणि मग त्यांचा आवाज लागला. बाजाच्या शेजारी नाही. बरोबर त्याच्या खाली, एक सप्तक खाली, भक्कम. दोन्ही एकमेकांत असे मिसळले की मला दांडा सोडवेना.

"मी खालून म्हणेन, ते वरून वाजवू देत," डोळे उघडून काकू म्हणाल्या. "नवराबायकोने एकाच उंचीवर बसलं पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. दोन दिवस ज्याच्यासाठी डोळे फोडत होते तो खालचा एफ आणि हा वरचा एफ, दोघांचा सूर एकच. एक तळमजल्यावर, दुसरा माडीवर. काकूंचा गळा इतकी वर्षं एकेक पायरी उतरत उतरत जिथून निघाला होता त्याच दाराच्या बरोबर खाली येऊन पोचला होता. आणि सुरांचं खाणाऱ्या मला ते दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

जाताना काकूंनी डबा तिथेच ठेवला आणि माझा जाड दंड दाबला. "मी आले होते हे त्यांना सांगायचं नाही. तुला सुचलं म्हण. त्यांची झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. फार जपलीय त्यांनी."

मी दुसऱ्या दिवसाची वाट न बघता तिथल्या तिथे कामाला लागले. तुटक्या पात्याच्या जागी नवं बसवलं, बाकीची उतरलेली पाती टोकाशी घासून चढवली. दुसऱ्या दिवशी काका घरातला जी घेऊन आले, तेव्हा त्याची झाकणं काढून मी ती या पहिल्या बाजावर बसवली. पोचा डावीकडे, वरच्या बाजूला, दोनदा बघून. इतक्या वर्षांनी झाकणावरचं अक्षर आणि आतला सूर एक झाले.

सगळं समजावून सांगितलं. तुमचा पहिला बाजा माळ्यावरून कोणी आणला, एवढं सोडून. तो दुकानातच मास्तरांच्या खणात सापडला, असं म्हटलं. काकांनी हलकीच फुंकर मारली. बाजा वाजला. त्यांनी श्वास आत घेतला, तरी वाजला. खोकला आला नाही.

"याचं हे बरं असतं," ते म्हणाले. "श्वास बाहेर टाकला तरी वाजतो, आत घेतला तरी वाजतो. काही वाया जात नाही. आमच्या पंपाला हे कधी जमलं नाही." मग त्यांचा चेहरा पडला. "पण एकदम एवढा वर गेलेला तिला कळेल. काय सांगू तिला?"

"काही सांगू नका. वाजवायला लागा. काकू शहाण्या आहेत."

काकांनी माझ्याकडे बारकाईने बघितलं. "तुझे कान का गं लाल झालेत?"

"उकडतंय," मी म्हटलं.

त्यांनी बाजा रुमालात गुंडाळला, खिशात ठेवला आणि सात पायऱ्या सावकाश उतरून गेले. पाचवीवर थांबले. मला वाटलं दम लागला. पण त्यांचे खांदे हलत होते, आणि तो खोकला नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तो बाजा माळ्यावर लपवला होता त्यांनीच.

पुढच्या रविवारी संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. दोन खोल्या, खिडकीशी मशीन, मशीनवर अर्धवट शिवलेला शाळेचा गणवेश. मला खुर्ची दिली. चहा झाला. मग काकांनी बाजा ओठांना लावला आणि काकू खालून गायला लागल्या. मी सत्तावीस वर्षं या गाण्याची भोकं ऐकत आले होते. गाणं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तिसऱ्या कडव्यात दोघं त्या जागेपाशी आली आणि काकांचा श्वास संपला. बाजा थांबला. काकू थांबल्या नाहीत. त्या जागेवर त्या एकट्या उभ्या राहिल्या, काकांकडे बघत, घाई न करता, एखाद्याने दार धरून ठेवावं तशा. दोन मात्रा गेल्या. काकांनी हवा आत ओढली, बाजा वाजला, आणि दोघं पुढे निघाली. मला रडू आलं. मी चहाचे कप उचलून आत घेऊन गेले.

"आता रोज तिथे थांबावं लागतं," काका नंतर म्हणाले, ओशाळून.

"बरंच आहे की," काकू म्हणाल्या. "तेवढाच मला जागेवर जास्त वेळ मिळतो."

असे चौदा महिने मिळाले. डॉक्टरांनी सहा सांगितले होते. मग काका गेले, सकाळी, झोपेतच.

त्यानंतर काही आठवड्यांनी, दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना काकू आल्या. त्याच स्टुलावर बसल्या. पिशवीतून रुमालात गुंडाळलेला बाजा काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

"जरा तपासून दे."

मी दहाही भोकं तपासली. फुंकून आणि ओढून, वीस सूर. सगळे जागच्या जागी होते. "याला काही झालेलं नाही, काकू."

"माहितीये." त्यांनी रुमालाची घडी केली. "वाजवून दाखव ना."

"मला येत नाही हो. तोंडाला लावला की…"

"तोंडाने कोण म्हणतंय? हाताने वाजव. तुझ्या हाताने त्यांचे सगळे बाजे बोलते झाले."

मालक गल्ल्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, उठले आणि खडखडणारा पंखा बंद केला. पुन्हा जाऊन बसले.

मी बाजा भात्यावर बसवला. पोचा वर, डावीकडे. ते गाणं मला पाठ होतं, दुसऱ्या भोकापासून. डाव्या हाताची बोटं भोकं उघडत गेली, उजवा हात दांडा दाबत आणि उचलत राहिला. सुरुवातीला अडखळले. पहिल्या कडव्याच्या अर्ध्यात काकूंनी खालून सूर धरला. आवाज थकलेला होता, पण सरळ. दुसरं कडवं झालं. तिसरं आलं. आम्ही त्या जागेपाशी पोचलो.

भात्याला दम लागत नाही. माझा हात संध्याकाळपर्यंत चालला असता. पण तिथे मी दांडा थांबवला आणि हात तसाच ठेवला.

काकू त्या जागेवर उभ्या राहिल्या, एकट्या. त्यांची नजर दांड्यावर होती. एक मात्रा गेली. दुसरी गेली.

मग मी दांडा वर उचलला, आणि बाजाने श्वास आत घेतला.